कच्चं निकेल विकायचं नाही, बॅटरी विकायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खनिजसंपन्न देश आता माती विकायची सोडून इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या बनवणार, अशी बातमी आली की ठरावीक प्रश्न येऊ लागतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. बहुतेक उत्तरांत इंडोनेशियाचं निकेल आहे, कारण या वाटेवर सगळ्यांत पुढे गेलेला देश तोच. काँगो, झिंबाब्वे, चिली प्रश्न ११ पासून, आणि गोवा प्रश्न १४ मध्ये.

१. कच्चं खनिज विकायचं नाही, मग करायचं काय?

खाणीतून निघालेला माल जसाच्या तसा जहाजात भरायचा नाही. त्यावर देशातच प्रक्रिया करायची आणि धातू, रसायन किंवा जमलं तर थेट बॅटरी विकायची. त्यासाठी सरकारच्या हातात मुख्यतः तीन हत्यारं असतात: सरसकट निर्यातबंदी, जबर निर्यात शुल्क किंवा कोटा. इंडोनेशियाने निकेलवर पहिलं वापरलं, भारताने लोहखनिजावर दुसरं, काँगोने कोबाल्टवर तिसरं. कारखाने, नोकऱ्या आणि कर आपल्याकडे यावेत हा यामागचा मुख्य विचार, पण भारत आणि काँगोला भावाचीही चिंता होती.

२. इंडोनेशियाने बंदी २०१४ मध्ये घातली की २०२० मध्ये? दोन्ही वाचलंय.

दोन्ही बरोबर आहे. २००९ च्या खाण कायद्याने कंपन्यांना देशातच प्रक्रिया करण्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली. ती संपल्यावर जानेवारी २०१४ मध्ये बंदी लागू झाली. कंपन्या तोवर निवांत होत्या. सरकार ऐन वेळी माघार घेईल असा त्यांचा होरा होता. जानेवारी २०१७ मध्ये तो काहीसा खरा ठरला आणि स्मेल्टर (खनिज वितळवून धातू काढणारे कारखाने) उभारणाऱ्यांना १.७ टक्क्यांपेक्षा कमी निकेल असलेला माल बाहेर पाठवायची सूट मिळाली. ही सूट २०२२ पर्यंत टिकणार होती. पण जोको विडोडो सरकारने मुदत अलीकडे ओढली आणि १ जानेवारी २०२० पासून दार पुन्हा बंद केलं. आजची बंदी ती हीच.

३. लाल माती ते गाडीतली बॅटरी, मधे काय काय घडतं?

इंडोनेशियाचं निकेल जांभ्या प्रकारच्या मातीत असतं. कोकणात पाहतो तसाच उष्ण पावसाळी हवेत झिजलेला खडक, फक्त त्याचा मूळ दगड निकेल असलेला. या मातीचे दोन थर असतात आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.

खालच्या थरात निकेल जास्त असतं. तो माल भट्टीत वितळवला की निकेल आणि लोखंड यांचा मिश्र धातू मिळतो. हा थेट स्टेनलेस स्टीलला जातो, बॅटरीला नाही. वरच्या थरात निकेल एक-दीड टक्काच, पण सोबत थोडं कोबाल्ट असतं. तो थर बंद टाक्यांमध्ये प्रचंड दाबाखाली, सुमारे २५० अंश सेल्सिअस तापमानाला सल्फ्युरिक आम्लात शिजवतात. त्यातून निकेल-कोबाल्टचा हिरवट लगदा मिळतो. पुढे त्याचं निकेल सल्फेट होतं, त्यापासून कॅथोडची (बॅटरीच्या धन टोकाची) पूर्वपावडर, मग लिथियम मिसळून कॅथोड, मग सेल आणि शेवटी सेल एकत्र बांधून गाडीखाली बसणारा पॅक.

या साखळीत इंडोनेशियाच्या जमिनीतून येतं ते निकेल आणि कोबाल्ट. लिथियम बाहेरून आणावं लागतं.

४. मग इंडोनेशियात बॅटऱ्या खरंच बनतात का?

बनतात, पण गाजावाजा झाला त्या मानाने फार थोड्या. ह्युंदाई आणि एलजी यांचा सेलचा कारखाना पश्चिम जावातल्या करावांग इथे आहे. जुलै २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. क्षमता वर्षाला १० गिगावॅट-तास, म्हणजे साधारण दीड लाख गाड्यांपुरती. चीनच्या सीएटीएल या बॅटरी कंपनीच्या सुमारे ६ अब्ज डॉलरच्या प्रकल्पाचं भूमिपूजन राष्ट्राध्यक्ष प्रबोवो सुबिआंतो यांच्या हस्ते जून २०२५ मध्ये झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मात्र एलजीने खाणीपासून सेलपर्यंतची अखंड साखळी उभारण्याचा ७ अब्ज डॉलरहून मोठा बेत सोडून दिला. त्याआधी जून २०२४ मध्ये जर्मनीची बीएएसएफ आणि फ्रान्सची एरामे हलमाहेरा बेटावरच्या २.६ अब्ज डॉलरच्या प्रकल्पातून बाहेर पडल्या होत्या.

थोडक्यात, साखळीची दोन टोकं दिसतात आणि मधली कडी विरळ आहे. निकेलचा लगदा बहुतांशी चीनला जातो आणि सल्फेट, पूर्वपावडर, कॅथोड ही कामं मुख्यतः तिथे होतात.

यामागचं कारण साखर कारखान्याला विचारा. उसात बहुतेक पाणीच, म्हणून तो लांब नेणं परवडत नाही आणि कारखाना उसाच्या फडाजवळ उभा राहतो. मिठाईचं दुकान मात्र गिऱ्हाईक असेल तिथेच निघतं. एक टक्का निकेल असलेली माती जहाजाने नेण्यात अर्थ नाही, म्हणून स्मेल्टर खाणीपाशी आले. सेलचा कारखाना गाड्यांच्या कारखान्याजवळ जातो. बंदीमुळे पहिली गोष्ट घडवता येते. दुसरीवर तिचा जोर फार चालत नाही.

५. निर्यात ३ अब्ज डॉलरवरून ३० अब्जांवर गेली म्हणतात. हा आकडा फुगवलेला आहे का?

आकडा ढोबळमानाने खरा आहे, त्याचा अर्थ मात्र बहुतेक वेळा चुकीचा लावला जातो. निकेल आणि त्यापासूनच्या वस्तूंची निर्यात २०२२ मध्ये ३० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. पण त्यातला मोठा हिस्सा मिश्र धातू आणि स्टेनलेस स्टीलचा. जगातलं सुमारे दोन-तृतीयांश निकेल आजही स्टेनलेस स्टीलमध्येच जातं. आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यांनी आणि ताटांनी इंडोनेशियाचा हा चमत्कार घडवला, गाड्यांनी नव्हे. भाषणांत मात्र गाड्याच येतात.

दुसरं म्हणजे निर्यातीची किंमत आणि देशात उरलेला पैसा या वेगळ्या गोष्टी आहेत. दिवंगत अर्थतज्ज्ञ फैसल बसरी हे मुद्दाम आणि वारंवार सांगत: स्मेल्टर परकी, यंत्रं परकी, कर्ज परकं, वर कित्येक वर्षांची करमाफी, तेव्हा नफ्याचा मोठा भाग बाहेर जातो. सरकारला हे मान्य नव्हतं आणि दोन्ही बाजूंनी बरंच वाजलं. माझा कल बसरींकडे आहे. बंदीमुळे खनिजाचा देशांतर्गत भाव जागतिक भावापेक्षा खाली राहिला, म्हणजे स्थानिक खाणवाल्यांच्या खिशातून परक्या स्मेल्टरला सवलत गेली. सरकारला २०२० मध्ये किमान भाव ठरवून द्यावा लागला तो यामुळेच. एप्रिल २०२५ मध्ये निकेल खनिजावरचं स्वामित्वधन (रॉयल्टी) १० टक्क्यांवरून १४ ते १९ टक्क्यांवर नेलं. हे बरंच आधी करायला हवं होतं.

६. सगळीकडे चिनीच कंपन्या का?

कारण बंदी लागू झाली तेव्हा पैसा, तंत्र आणि घाई तिन्ही त्यांच्याकडे होतं. चिंगशान या स्टेनलेस स्टील कंपनीने मध्य सुलावेसीतल्या मोरोवालीत औद्योगिक वसाहत उभारली. त्याचा करार ऑक्टोबर २०१३ मध्ये, म्हणजे पहिल्या बंदीच्या तोंडावर, शी चिनफिंग आणि तत्कालीन राष्ट्राध्यक्ष युधोयोनो यांच्या साक्षीने झाला. पाठोपाठ हलमाहेरावर वेडा बेची वसाहत आली. आज निकेल शुद्धीकरणाच्या क्षमतेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश क्षमता चिनी कंपन्यांच्या ताब्यात असल्याचा अंदाज आहे.

दाबाखाली आम्लात शिजवण्याच्या तंत्राने पाश्चात्त्य कंपन्यांना पूर्वी चांगलंच पोळलं होतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनियातले असे प्रकल्प रखडले आणि खर्च अनेक पटींनी वाढला. चिनी अभियंत्यांनी तेच तंत्र इंडोनेशियातल्या ओबी बेटावर २०२१ मध्ये कमी खर्चात चालू करून दाखवलं. हे त्यांचं कर्तृत्व आहे, ते मान्य करायला हवं. शिवाय जुलै २०२५ पासून चीनने कॅथोड बनवण्याचं काही तंत्रज्ञान देशाबाहेर नेण्यावर परवान्याचं बंधन घातलं आहे. खनिज तुमचं असलं तरी पुढच्या पायरीची किल्ली दुसऱ्याकडे.

७. युरोपने जागतिक व्यापार संघटनेत खटला जिंकला ना? मग बंदी चालू कशी?

युरोपीय संघाने नोव्हेंबर २०१९ मध्ये तक्रार केली आणि ३० नोव्हेंबर २०२२ ला निकाल इंडोनेशियाच्या विरोधात गेला. इंडोनेशियाने पुढच्याच महिन्यात अपील केलं. अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद पडलेलं आहे, कारण अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवल्या. अपील पडून आहे, म्हणून निकाल अंतिम नाही, म्हणून बंदी चालू.

याला पळवाट म्हणणाऱ्यांनी आपलं साखरेचं प्रकरणही आठवावं. ऊस आणि साखरेच्या अनुदानांबाबत ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी डिसेंबर २०२१ मध्ये भारताविरुद्ध निकाल मिळवला, आणि जानेवारी २०२२ मध्ये आपणही त्याच रिकाम्या खुर्च्यांपुढे अपील ठेवलं.

८. इलेक्ट्रिक गाडी पर्यावरणासाठी घ्यायची आणि तिचं निकेल कोळशावर शिजवायचं?

हो, हा विरोधाभास खरा आहे. सुलावेसी आणि हलमाहेरावरच्या वसाहतींची वीज मुख्यतः त्यांच्याच कोळशाच्या केंद्रांतून येते. नव्या कोळसा केंद्रांना आळा घालणारा आदेश २०२२ मध्ये निघाला, पण उद्योगांच्या स्वतःच्या केंद्रांसाठी त्यात वाट ठेवली गेली.

गाळाचा प्रश्न वेगळा. एक टक्का निकेल असलेल्या मातीतून एक टन निकेल काढायचं तर शंभर टनांहून जास्त माती लागते आणि ती जवळपास सगळी आम्लयुक्त गाळ होऊन मागे उरते. भूकंपप्रवण, धो धो पावसाच्या बेटांवर हे ढीग ठेवायचे कुठे, याचं समाधानकारक उत्तर कोणाकडेच नाही. मार्च २०२५ मध्ये मोरोवालीत असाच ढीग घसरून कामगार गाडले गेले. त्याआधी २४ डिसेंबर २०२३ ला तिथल्याच एका स्मेल्टरमध्ये भट्टीच्या दुरुस्तीच्या वेळी स्फोट होऊन २१ जण मेले.

आणि स्थानिकांना मिळालं काय? हलमाहेरा ज्या प्रांतात आहे त्या उत्तर मालुकूची अर्थव्यवस्था २०२२ मध्ये सुमारे २३ टक्क्यांनी वाढली. मोरोवाली ज्या प्रांतात आहे त्या मध्य सुलावेसीत मात्र मार्च २०२३ मध्ये दारिद्र्याचं प्रमाण १२ टक्क्यांच्या वर होतं. देशाचं प्रमाण तेव्हा साडेनऊच्या आत होतं.

९. शोरूमवाला म्हणतो माझ्या गाडीच्या बॅटरीत निकेल नाहीच. मग हा खटाटोप कशाला?

शोरूमवाला बहुधा खरंच सांगतोय. टाटा नेक्सॉन ईव्ही किंवा चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ मध्ये एलएफपी बॅटरी आहे, म्हणजे लिथियम, लोह आणि फॉस्फेट. निकेल नाही, कोबाल्ट नाही. ही बॅटरी वजनाच्या मानाने थोडी कमी ऊर्जा साठवते, पण स्वस्त आहे, सहजासहजी तापत नाही आणि जास्त वर्षं टिकते. चीनमध्ये बहुतेक इलेक्ट्रिक गाड्या हीच वापरतात, आणि २०२४ मध्ये जगातल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांत तिचा वाटा जवळपास निम्मा झाला. निकेलची बॅटरी लांब पल्ल्याच्या महागड्या गाड्यांत टिकून आहे, विशेषतः अमेरिका आणि युरोपात.

इंडोनेशियाच्या पैजेतला सगळ्यांत कच्चा दुवा हाच. खनिज जमिनीत लाखो वर्षं बसून राहतं, रसायन पाच वर्षांत बदलतं. गंमत म्हणजे ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्य जावातल्या केंडल इथे एका चिनी कंपनीने एलएफपी कॅथोडचा कारखाना सुरू केला. निकेलच्या देशात निकेल न लागणारा कॅथोड.

१०. निकेल जगात सगळ्यांत जास्त त्यांच्याकडे, आणि तेच फिलिपाइन्सकडून माती आयात करतात? ही अफवा आहे का?

अफवा नाही. इंडोनेशियात खाणींना दरवर्षी किती माल काढायचा याची मंजुरी लागते. २०२४ मध्ये या मंजुऱ्या रखडल्या, स्मेल्टर उपाशी राहायला लागले आणि त्यांनी शेजारच्या फिलिपाइन्समधून माल मागवला. भट्ट्या खाणींपेक्षा वेगाने वाढल्या, की हे होणारच.

फिलिपाइन्सलाही इंडोनेशियाची नक्कल करायची होती. कच्च्या खनिजाच्या निर्यातबंदीचं कलम त्यांच्या विधेयकात होतं, पण जून २०२५ मध्ये ते गळलं. स्मेल्टरसाठी लागणारी स्वस्त वीज नाही, अशी खाणवाल्यांची ओरड होती.

याच्या उलट टोकाला जागतिक बाजार आहे. जगातल्या निम्म्याहून जास्त निकेल एकट्या इंडोनेशियातून येऊ लागल्यावर भाव पडले. ८ मार्च २०२२ च्या सकाळी लंडनच्या धातू बाजारात निकेल टनाला १ लाख डॉलरच्या वर गेलं होतं आणि बाजाराने व्यवहारच रद्द केले. २०२४-२५ मध्ये तेच निकेल १५-१६ हजारांच्या आसपास घुटमळत होतं. बीएचपी या खाणकंपनीने ऑस्ट्रेलियातलं निकेलचं काम ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबवलं, न्यू कॅलेडोनियातला एक मोठा स्मेल्टर थंड झाला. पडत्या भावाने स्पर्धक संपले, आणि इंडोनेशियाला आपल्याच मालाला कमी पैसे मिळू लागले.

११. काँगोकडे तर कोबाल्टची मक्तेदारी आहे. ते असं का करत नाहीत?

प्रयत्न चालू आहे. जगातलं सुमारे ७० टक्क्यांहून जास्त कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येतं आणि अर्धवट प्रक्रिया करून बहुतांशी चीनला जातं. काँगो आणि झांबिया यांनी २०२२ मध्ये एकत्र बॅटरी साखळी उभारण्याचा करार केला. त्याआधी २०२१ मध्ये ब्लूमबर्गच्या ऊर्जा अभ्यास विभागाने हिशेब मांडला होता की १०,००० टनांचा पूर्वपावडरीचा कारखाना काँगोत ३.९ कोटी डॉलरमध्ये होईल. अमेरिकेत त्याच्या तिप्पट लागतील. हा आकडा तेव्हापासून प्रत्येक परिषदेत फिरतो. त्यात विजेचा भरवसा, समुद्रापर्यंतचा रस्ता आणि माल घेणारा गिऱ्हाईक धरायचा राहतो.

भाव कोसळल्यावर काँगोने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोबाल्टची निर्यातच थांबवली आणि ऑक्टोबरपासून कोटा आणला: २०२६ आणि २०२७ साठी वर्षाला ९६,६०० टन. भाव चढले. पण भाव चढवणं आणि कारखाना आणणं ही दोन वेगळी कामं आहेत. खरेदीदार महागड्या कोबाल्टला कंटाळून एलएफपीकडे वळले तर काय, हा धोका प्रश्न ९ मध्ये आलाच आहे.

१२. झिंबाब्वे आणि चिलीच्या लिथियमचं काय झालं?

झिंबाब्वेने डिसेंबर २०२२ मध्ये कच्च्या लिथियम खनिजाची निर्यात बंद केली. चिनी कंपन्यांनी खाणीपाशी संहत माल (दगडमाती काढून लिथियमचं प्रमाण वाढवलेला) तयार करणारे कारखाने टाकले. मग सरकारने पुढची पायरी मागितली आणि संहत मालाची निर्यातही जानेवारी २०२७ पासून बंद करू असं जाहीर केलं. त्यामुळे लिथियम सल्फेटचे कारखाने आले. एकेक पायरी चढायला लावण्याचा हा प्रकार मला इंडोनेशियाच्या धडाक्यापेक्षा शहाणा वाटतो.

चिलीने बंदी घातली नाही, आमिष दाखवलं: इथे कारखाना काढा, लिथियम सवलतीत घ्या. २०२३ मध्ये बीवायडी ही चिनी गाडीकंपनी आणि चिंगशान यांना तशी मंजुरी मिळाली. मग लिथियमचे भाव इतके घसरले की सवलतीला अर्थ उरला नाही, आणि मे २०२५ मध्ये दोघांनी काढता पाय घेतल्याचं उघड झालं.

१३. मग यशस्वी झालाय तो देश कोणता?

मोरोक्कोकडे बघा, असं मी सांगेन. तिथे निकेल-लिथियमचा गाजावाजा नाही, एलएफपी बॅटरीला लागणारं फॉस्फेट आहे: जगातल्या साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के. आणि टँजिअर, केनित्रा इथे आधीपासून रेनॉ आणि स्टेलांटिसचे गाड्यांचे कारखाने आहेत, युरोप आणि अमेरिका दोघांशी मुक्त व्यापार करार आहेत. म्हणून चीनच्या गोशनने २०२४ मध्ये केनित्रात १.३ अब्ज डॉलरच्या सेल कारखान्याचा करार केला. कोणालाही बंदी घालावी लागली नाही. कारखाना अजून उभा राहतोय, तेव्हा टाळ्या जरा थांबून.

१४. गोव्यातून वर्षानुवर्षं लोहखनिज चीन-जपानला गेलं. आपण बंदी का घातली नाही?

बंदी आली, पण वेगळ्या कारणाने. बेकायदा खाणकामामुळे सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाल्या. प्रक्रिया देशात व्हावी हा त्यात मुद्दा नव्हता. तो मुद्दा मे २०२२ मध्ये आला, जेव्हा पोलादाचे भाव उतरवायला केंद्राने लोहखनिजावरचं निर्यात शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं. नोव्हेंबरमध्ये ही वाढ मागे घेतली. गोव्याचा माल कमी प्रतीचा, देशातल्या पोलाद कारखान्यांना तो फारसा नको असतो. घरात गिऱ्हाईक नसेल तर निर्यात अडवून माल नुसता धक्क्यावर पडून राहतो.

निकेलशीही गोव्याचा संबंध आहे. भारतात निकेल खाणीतून काढलं जात नाही, पण कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीतला निकोमेट हा कारखाना निकेल आणि कोबाल्टची रसायनं बनवतो. वेदांताने तो २०२१ मध्ये घेतला.

१५. जम्मूत सापडलेल्या लिथियमवर आपणही बॅटऱ्या बनवू ना?

इतक्यात नाही. रियासी जिल्ह्यातले ५९ लाख टन फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाले ते प्राथमिक अंदाजाच्या पातळीवर. लिलावाला पुरेशा बोली आल्या नाहीत आणि २०२४ मध्ये तो रद्द करावा लागला. दरम्यान काबिल या सरकारी कंपनीने अर्जेंटिनातल्या कॅटामार्का प्रांतात पाच क्षेत्रं घेतली आहेत. तिथेही सध्या शोधकामच चालू आहे.

१६. वापरलेल्या बॅटऱ्यांवरही अशी निर्यातबंदी लागू होऊ शकते का?

तसा निर्णय झाला आहे. जुन्या बॅटऱ्या दळून जी काळी पूड मिळते तिच्यात निकेल, कोबाल्ट, लिथियम सगळंच असतं, कित्येक खनिजांपेक्षा जास्त प्रमाणात. मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने या पुडीला घातक कचरा ठरवलं, म्हणजे ओईसीडी या श्रीमंत देशांच्या गटाबाहेर ती पाठवण्यावर बंदी येते. माल युरोपातच राहावा आणि तिथल्या पुनर्वापर उद्योगाला मिळावा, हा हेतू आयोगाने लपवलेला नाही. प्रश्न ७ मधला तक्रारदार हाच.